लांबच्या भाड्याच्या घराचं काम रेंगाळलंय: कंत्राटदार ठेवू की काढू?

पाऊलखुणा

माझं एक घर मी भाड्याने देते. मी राहते तिथून ते ८०० किलोमीटरवर आहे. आधीचे भाडेकरू १२ वर्षं राहून गेले. घर रिकामं झालंच आहे तर एकदाच सगळं करून घ्यावं असं ठरवलं: दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघर, वायरिंग, दारं, रंग. कंत्राटदार ओळखीतून मिळाला. येऊन सगळं नीट बघून गेला, ६ आठवड्यांत चावी देतो म्हणाला. आज ११वा आठवडा संपतोय.

७० टक्के रक्कम देऊन झाली आहे. काम किती झालं ते मला खरंच कळत नाही. तो ‘६०-६५ टक्के झालं’ म्हणतो. फोटो पाठवतो, पण गेल्या पंधरवड्यात बाथरूमच्या एकाच भिंतीचा फोटो दोनदा आला, एकदा समोरून आणि एकदा तिरका. खिडकीतला रंगाचा डबा दोन्हींत त्याच जागी, झाकण तसंच अर्धवट उघडं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

फोन उचलतो, नीट बोलतो. ‘ताई, सोमवारपासून माणसं लावतो’ म्हणतो. असे ३ सोमवार गेले. दर महिन्याचं भाडं बुडतंय ते वेगळंच. एका महिन्याचं भाडं म्हणजे या कामाच्या एकूण रकमेच्या साधारण ४ टक्के.

करार २ पानांचा आहे. कामांची यादी आहे, एकूण रक्कम आहे, हप्ते तारखांप्रमाणे आहेत. उशीर झाला तर काय, ते काही लिहिलेलं नाही. याला काढावं का? की समजुतीने घेऊन पूर्ण करून घ्यावं?

रिकामी_खुंटी

आजच कुलूप बदला आणि एकही पैसा देऊ नका. ३ सोमवार फुकट घालवणारा चौथ्याला येणार नाही.

सांजवेळ

कुलूप बदलायची घाई करू नका. मी हेच केलं होतं, म्हणून सांगते.

संतापून काढून टाकला, दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. आत त्याचं ड्रिल, कटर, पायाडाचं सामान आणि टाइल्सचे बॉक्स होते. आत काय होतं याची यादी ना माझ्याकडे होती ना त्याच्याकडे. नंतर तो नव्हतं तेही आपलं म्हणू लागला आणि मला काही खोडून काढता येईना. हिशेब मिटायला ५ महिने लागले.

त्याहून मोठा फटका पुढे बसला. नवीन माणूस म्हणाला, ‘खालचं वॉटरप्रूफिंग माझं नाही, त्यावर मी लादी बसवली तर गळतीची हमी देणार नाही.’ त्याचंही बरोबरच होतं. शेवटी चांगल्या दिसणाऱ्या लाद्या उखडून सगळं पहिल्यापासून केलं. भिंतीतले पाइप कुठून गेलेत हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आरसा लावताना ड्रिल थेट पाइपमध्ये गेलं.

काढायचंच असेल तर काढा, पण आधी आत काय आहे आणि काय झालंय ते कागदावर आणा.

थापी

मी स्वतः अशी कामं घेतो, १४ वर्षं झाली. कंत्राटदाराच्या बाजूचं चित्र सांगतो. त्याला पाठीशी घालायचं म्हणून नाही, तुम्हाला पुढचं पाऊल ठरवता यावं म्हणून.

आमच्या धंद्यात पैसा एका साइटवरून दुसरीकडे फिरतो. नव्या कामाच्या ॲडव्हान्समधून जुन्या कामाची मजुरी जाते. जोवर नवी कामं येतात तोवर कळत नाही. एक काम हातचं गेलं की साखळी तुटते. अशा वेळी माणसं कुठल्या साइटवर जातात? जिथे काम केल्यावर पैसे मिळायचे आहेत तिथे. तुमच्याकडून ७० टक्के आधीच आलेत. तुमच्या घरात घालवलेला प्रत्येक दिवस आता त्याला खिशातून पडतो. तो तुम्हाला टाळतोय असं तुम्हाला वाटतं. खरं तर तो रोज सकाळी कमी नुकसानीची साइट निवडतोय.

एक प्रश्न, आणि राग मानू नका. तुमच्याकडून काही बदल झाले का? एखादी निवड लांबली का?

पाऊलखुणा

राग कसला, योग्य प्रश्न आहे. हो, झाले. स्वयंपाकघराचा ओटा मी मधेच सरळऐवजी एल आकाराचा करायला सांगितला. टाइल्सचा रंग ठरवायला मला ९ दिवस लागले. दोन्ही फोनवरच झालं, लिहून कुठेच नाही.

थापी

मग २ आठवडे तुमच्या खात्यावर धरा आणि तुम्हीच आधी ते कबूल करा. उरलेले ३ त्याचे. अशी सुरुवात केलीत तर समोरचा वादाऐवजी हिशेबावर येतो, हा माझा अनुभव आहे.

ओळंबा

साइट इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

‘६० टक्के झालं’ हे वाक्य दोघांनीही सोडून द्या. टक्का मोजता येत नाही, वस्तू मोजता येतात. किती दरवाजे बसले, किती स्विचबोर्डांना वीज आली, किती चौरस मीटर लादी बसली, किती भिंतींना पुट्टीचा दुसरा हात झाला. करारातली प्रत्येक ओळ घ्या आणि तिला एकूण रकमेतला वाटा द्या. मग ओळ पूर्ण असेल तर पूर्ण वाटा, अर्धवट असेल तर मोजून. ही मोजणी त्याच्यासमोर व्हायला हवी आणि खाली दोघांच्या सह्या हव्यात. नंतर ठेवा किंवा काढा, हाच कागद तुमच्या हातात राहणार आहे.

मोजायला कोण जाईल? शेजाऱ्याला पाठवू नका. शेजारी मनापासून मदत करतो, पण चकचकीत लादी बघून ‘छान झालंय’ म्हणून येतो. ज्याचा कंत्राटदाराशी संबंध नाही आणि ज्याला उरलेलं काम स्वतः घ्यायचं नाही, असा इंजिनिअर अर्ध्या दिवसाच्या फीवर बोलवा. दुसरी अट विसरू नका. काम घेऊ पाहणारा माणूस तपासणीला आला तर त्याला सगळंच तोडण्यासारखं दिसतं.

त्याच्याकडून हे तपासून घ्या.

पहिलं बाथरूम. नहाणीचं, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीचं, तोंड घट्ट बंद करायचं, २५ ते ५० मिमी पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खूण करायची आणि २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवायचं. शेजारी उघड्या बादलीत तेवढंच पाणी ठेवून तिथेही खूण करायची. बादलीतलं जितकं उतरलं तितकं हवेत गेलं, त्याहून जास्त उतरलं तर ते झिरपलं. खालच्या घराच्या छताचा फोटो आधी आणि नंतर. खरं तर ही चाचणी लादी बसवायच्या आधी करायची असते, पण आता लादी बसलेली असली तरी करा. जमिनीचा ढाळ नहाणीकडे मीटरमागे १० ते २० मिमी हवा. तांब्याभर पाणी ओतून कुठे थांबतं ते पाहिलं तरी कळतं.

लाद्यांवर नाणं किंवा काठी आपटत जायचं. भरीव लादीचा आवाज टणक येतो, पोकळ लादी बद्द वाजते. ओल्या जागी लादीच्या मागे ९५ टक्के मसाला लागलेला हवा, कोरड्या जागी किमान ८०. चार कोपऱ्यांत आणि मधे एकेक गोळा लावून दाबलेल्या लाद्या सुरुवातीला सुंदर दिसतात, पण मागच्या पोकळीत पाणी साचतं आणि एखादी जड वस्तू पडली की तडकतात.

वायरिंगचा एखादा बोर्ड उघडून वायरची जाडी करारातल्या जाडीशी ताडून बघायची. अर्थिंगची वायर नुसती डब्यात सोडलेली आहे की जोडलेली, तेही. गळतीचा करंट तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा स्विच बसवलाय का आणि टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो का, हे बघितल्याशिवाय त्या घरात भाडेकरू ठेवू नका. बाकी सगळ्यात तडजोड चालेल, यात नाही.

रंगाचं बघायची घाई नको, तो नंतरही दुरुस्त होतो.

करडी_सावली

फोटोंबद्दल एक. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली मूळ तारीख-वेळेची माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल येते. त्यापेक्षा चालू व्हिडिओ कॉल बरा. रोज ठरलेल्या वेळी, मुख्य दारापासून सुरू करायचा, मधे न तोडता सगळ्या खोल्यांतून न्यायचा, दर वेळी त्याच क्रमाने. फोन कंत्राटदाराकडे नको, साइटवर काम करणाऱ्या मिस्त्रीकडे असू दे. मिस्त्री खरं सांगतो, ‘आज सिमेंट आलं नाही म्हणून बसून आहोत’ असंही सांगतो.

आणि भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो. जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते दिसलं पाहिजे.

पाऊलखुणा

८ दिवसांनी लिहितेय. ओळंबाकाका, तुम्ही सांगितलंत तसा इंजिनिअर मिळाला. कंत्राटदाराला आधी कळवलं, तोही आला. मी व्हिडिओवर होते. ४ तास लागले.

मोजणीत झालेलं काम ४६ टक्के निघालं. त्यातही मोठ्या बाथरूमची चाचणी नापास. २४ तासांत बादलीतलं पाणी २ मिमी उतरलं आणि बाथरूममधलं १३. खालच्यांच्या छतावर दुसऱ्या दिवशी ओल आली. ते समजूतदार आहेत, पण मला फार अपराधी वाटलं. लाद्या जवळजवळ निम्म्या पोकळ. ते बाथरूम तोडावंच लागणार, म्हणजे ९ टक्क्यांचं काम गेलं. करारात प्लगसाठी २.५ चौरस मिमीची वायर आहे, ३ बोर्डांत १.५ ची निघाली. लहान बाथरूम मात्र उत्तम आहे, एक थेंब हलला नाही. ते वेगळ्या मिस्त्रीने केलंय म्हणे.

सगळं लिहून झाल्यावर सही करताना त्याचा हात थांबला. मग म्हणाला, ‘मोठ्या बाथरूमला वॉटरप्रूफिंगचा दुसरा थर मारलाच नाही. माणूस सोडून गेला होता आणि तुम्ही टाइल्सच्या फोटोची वाट बघत होतात.’ मला त्याच्यावर राग आला आणि त्याच क्षणी हेही आठवलं की रोज ‘आज फोटो नाही का’ असं मीच विचारत होते.

ओळंबा

आता आकडे मांडा. ४६ मधून ९ गेले, चांगलं काम उरलं ३७. तुम्ही दिलेत ७०. म्हणजे तुमचे ३३ टक्के त्याच्याकडे पुढे गेलेत. राहिलेलं काम ६३ चं आहे आणि तुमच्या हातात ३० आहेत. ६३ चं काम ३० मध्ये करायला तो मनापासून येणार नाही, कितीही दरडावलंत तरी. थापींनी सांगितलं ते हेच.

दुसऱ्या कुणाकडून राहिलेल्या कामाचा दर मागवला का?

पाऊलखुणा

मागवला, दोघांकडून. कमीत कमी आला तो मूळ कराराच्या ८० टक्के, कारण दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घ्यायला सगळे जास्त मागतात. म्हणजे ७० अधिक ८०, एकूण दीडपट. आणि आधीच्या कामाची हमी कुणीच देत नाही.

रिकामी_खुंटी

मग ते ३३ टक्के त्याच्याकडून परत घ्या. सह्यांचा कागद आहे, नोटीस द्या, दावा लावा.

सांजवेळ

तो मार्ग खुला ठेवावा, कागद त्यासाठीच आहे. पण ज्याच्याकडे पैसे उरलेच नाहीत त्याच्याविरुद्ध निकाल लागला तरी घर लगेच भाड्याने जात नाही. दावा वर्षभर चालला तर ४ टक्क्यांप्रमाणे भाडंच ४८ टक्के बुडेल. पाऊलखुणा, आधी विचारा की ते ३३ नेमके गेले कुठे. थोडं तरी सामानात अडकलेलं असतं.

थापी

सांजवेळ यांना अनुमोदन. दुकानदाराकडे ॲडव्हान्स भरून सामान उचललेलं नसतं, हे फार होतं. त्याला पावत्या मागा, आणि त्या दुकानांना तुम्ही स्वतः फोन करा.

बोलताना ‘फसवलंत’ हा शब्द टाळा. त्याच्यासमोर २ रस्ते ठेवा. एक, लेखी मुदत देऊन करार संपवणं, सह्यांच्या मोजणीवर वसुली. दोन, कामाचे तुकडे करायचे. जे त्याला जमत नाही ते काढून घ्यायचं, जे जमतं ते ठेवायचं. सामान तुम्ही घ्यायचं, दुकानदाराला थेट पैसे. त्याच्या हातात यापुढे ॲडव्हान्स नाही. त्याने आपला नफा आणि देखरेख सोडायची, आणि त्या बदल्यात तुम्ही वसुलीचा पाठपुरावा सोडायचा. इज्जत राखून बाहेर पडायची वाट दिसली की बरीच माणसं ती धरतात.

निशिगंध

एक कळकळीची विनंती. पैसे अडवताना मजुरांचा विचार करा. मुकादमाने सांगितलं म्हणून ते येतात, करार त्यांनी पाहिलेला नसतो. माझ्या घराच्या कामात मी हप्ता रोखला आणि महिनाभराने कळलं की लादीवाल्या दोघांना ३ आठवड्यांची मजुरी मिळालीच नव्हती. त्यातला एक माझ्याच दारात सकाळी उभा होता. कंत्राटदाराशी भांडण असलं तरी झालेल्या दिवसाची मजुरी पोचली की नाही, हे आपण विचारायला हवं.

पाऊलखुणा

निशिगंध, तुमचा प्रतिसाद वाचून मिस्त्रीला विचारलं. रंगाऱ्यांचे १० दिवस राहिले होते. ते मी थेट दिले आणि कंत्राटदाराच्या खात्यातून वजा धरले. त्यालाही तसं लिहून कळवलं.

बोलणं झालं. सुरुवातीला मी माझे २ आठवडे कबूल केले. ओट्याचा बदल आणि टाइल्सचे ९ दिवस मोजणीच्या कागदात लिहिले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पावत्या काढल्या. नळ, सिंक, बाथरूमची फिटिंग्ज, स्विच असं ११ टक्क्यांचं सामान २ दुकानांत पूर्ण पैसे भरून पडून होतं. वाहतुकीला पैसे नव्हते म्हणून उचललं नव्हतं. बाकीचे दुसऱ्या साइटवर गेले, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

असं ठरलं: मोठं बाथरूम त्याच्याकडून काढलं. ते लहान बाथरूम केलेल्या मिस्त्रीला थेट दिलं, तोडण्यासकट १४ टक्क्यांत. बाकीचं काम कंत्राटदाराकडे, पण सामान मी घेणार, मजुरी दर शनिवारी मोजून थेट मजुरांना. त्याचा नफा आणि देखरेखीचे मिळून १० टक्के त्याने सोडले. पातळ वायर तो बदलून देणार, वेगळे पैसे नाहीत. सह्या झाल्या.

ओळंबाकाका, हिशेब बरोबर आहे ना? राहिलेलं ६३, बाथरूम ९ ऐवजी १४ म्हणून ६८, त्यातून सामानाचे ११ आणि त्याने सोडलेले १० गेले, उरले ४७. एकूण ११७.

ओळंबा

बरोबर आहे. दीडपटीपेक्षा पुष्कळ बरं. फक्त शेवटचे ५ टक्के काम संपल्यावर लगेच देऊ नका, ६ महिने हातात ठेवा आणि हे आत्ताच लिहून घ्या. मिस्त्रीलाही हाच नियम. आणि नव्या बाथरूमची पाण्याची चाचणी लादीच्या आधी. चाचणीचा निकाल येईपर्यंत लादीचा एकही बॉक्स त्या मजल्यावर चढू देऊ नका. सामान समोर दिसलं की मिस्त्रीचा हात थांबत नाही आणि मालकालाही घाई होते.

करडी_सावली

व्हिडिओ कॉल सुरू केलेत का?

पाऊलखुणा

हो, रोज सकाळी साडेनऊला, मिस्त्रीच्या फोनवर. पहिल्या दिवशी तो लाजत होता, आता आपणहून टेप लावून दाखवतो. एक दिवस कंत्राटदार स्वतः बोर्ड उघडून नवी वायर दाखवत होता. फोटोसाठी मी आता कुणाच्या मागे लागत नाही.

पाऊलखुणा

धागा वर काढतेय. १९ दिवस झाले.

वायरिंग संपलं. ३० मिलिॲम्पिअरचा स्विच टेस्ट दाबल्यावर पडतो, इंजिनिअरने जाऊन तपासलं. दारं बसली, एक दार घासतंय, ते शनिवारच्या यादीत आहे. रंगाचा शेवटचा हात राहिलाय. एका शनिवारी कंत्राटदाराची माणसं आली नाहीत, त्याने आदल्या रात्री फोन करून सांगितलं. पूर्वी असा फोन कधी आला नव्हता.

मोठ्या बाथरूमला दोन्ही थर झाले, दोन्हींमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडला. परवा पाणी भरलं, ४८ तास ठेवलं. आज सकाळी मिस्त्रीने टेप धरून दाखवलं: बादलीत ४ मिमी, बाथरूममध्ये ४ मिमी. खालच्या काकूंनी न विचारता छताचा फोटो पाठवला. जुन्या ओलीचा डाग आहे, पण वाळलेला. तो रंगवून द्यायचं मी कबूल केलंय, त्याची मजुरी माझ्याकडून.

लाद्या उद्या वर चढतील.

ओळंबा

पाणी सोडताना नहाणीतून किती वेळात ओसरतं तेही बघून घ्या. आणि खालच्या छताला लगेच रंग नको. डाग पूर्ण सुकू द्या, ३-४ आठवडे तरी.